यंत्राच्या खेळात खेळ किती?

२०२५च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने 'क्वेक टू' या १९९७च्या गेमची एक विचित्र आवृत्ती ब्राउझरमध्ये सगळ्यांना खेळायला दिली. हातात बंदूक, समोर अंधाऱ्या खोल्या, कोपऱ्यात शत्रू. इथवर सगळं ओळखीचं. पण शत्रू समोर असताना तुम्ही सेकंदभर जमिनीकडे पाहिलंत आणि मान परत वर केलीत, की शत्रू गायब. कधी नसलेला शत्रू उगवतो. आकाशाकडे पाहून नजर खाली आणलीत, तर तुम्ही नकाशात भलतीकडेच. ही कुणी पकडलेली चोरी नव्हे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच मर्यादांच्या यादीत हे लिहून ठेवलं होतं, आणि यातही एक गंमत आहे असं सुचवलं होतं.

मूळ गेममध्ये शत्रू कुठे उभा आहे याची संगणकाच्या स्मृतीत नोंद असते. तुम्ही बघा न बघा, तो तिथे असतो. नव्या आवृत्तीत अशी नोंदच नाही. नकाशा नाही, गोळी लागली की शत्रू मरतो असं सांगणारी ओळ नाही. एक मॉडेल आहे. त्याला मागची काही चित्रं आणि तुम्ही दाबलेलं बटण दिलं, की पुढचं चित्र कसं असेल याचा ते अंदाज करतं, असं सेकंदाला अनेकदा. त्याची आठवण साधारण ०.९ सेकंदाची. 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी तरी आजवर पाहिली नव्हती.

अशा वस्तूचं परीक्षण कसं करायचं? तुम्ही गेम खेळत असाल किंवा घरातली मुलं खेळत असतील, तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत आला असेल किंवा लवकरच येईल. माझ्या ऐकण्यात दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे यंत्राने केलं ना, मग ते उष्टंच, बघायचं कशाला. दुसरं म्हणजे केवढं हे आश्चर्य, अजून दोन वर्षं थांबा. दोन्ही उत्तरांची सोय अशी, की गेम खेळून बघावा लागत नाही.

या आवृत्तीच्या मागे 'म्यूज' नावाचं काम आहे, आणि ते इथलंच, केंब्रिजचं. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन विभागाने 'निंजा थिअरी' या केंब्रिजच्याच गेम कंपनीला सोबत घेऊन ते केलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. मॉडेल शिकलं ते 'ब्लीडिंग एज' या गेमवर. चार विरुद्ध चार अशा मारामारीचा हा गेम २०२० साली आला, फारसा चालला नाही आणि २०२१च्या सुरुवातीला कंपनीने त्यावरचं पुढचं काम थांबवलं. पण जे खेळत होते त्यांच्या खेळाची नोंद होत राहिली. एका माणसाने सलग बसून खेळायचं म्हटलं तर सात वर्षांहून अधिक होईल इतका खेळ मॉडेलच्या पोटात गेला. त्या खेळाडूंनी कराराच्या मजकुराखाली 'मान्य' दाबलेलं होतं. आपणही दाबतो.

'नेचर'मधल्या लेखात मला सगळ्यात आवडलेला भाग यंत्राबद्दलचा नाही. संशोधकांनी आधी गेम बनवणाऱ्या २७ जणांना गाठून त्यांना अशा साधनाकडून काय हवंय ते विचारलं, आणि त्यातून तीन कसोट्या काढल्या. पुढची चित्रं मागच्यांशी सुसंगत हवीत. एकाच सुरुवातीपासून निरनिराळे शेवट निघायला हवेत. आणि माणसाने चित्रात एखादी वस्तू घातली, तर ती पुढे टिकायला हवी. कसोट्या प्रामाणिक आहेत, मोजता येतात, आणि पहिल्या झटक्याला समीक्षेच्या कसोट्यांसारख्याच वाटतात. पण नीट बघितलं तर त्या खेळाच्या चित्रीकरणाच्या कसोट्या आहेत. खेळ चांगला आहे का, हा प्रश्न त्यांच्यात कुठेच नाही. तसा दावाही लेखात नाही. तो नंतर बातम्यांनी केला.

माझा धंदाच असा, की दुसऱ्यांचे पेपर तपासताना 'नावीन्य किती' या चौकटीत काहीतरी लिहावं लागतं. बहुतेक वेळा मी 'मध्यम' लिहितो आणि पुढे जातो. पण नवं म्हणजे नेमकं काय, याचा विचार आपल्याकडच्या जुन्या लोकांनी जास्त बारकाईने केलेला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या शेवटच्या भागात एका कवीचं काव्य दुसऱ्यासारखं दिसण्याचे तीन प्रकार सांगितले. आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन माणसं एकमेकांसारखी दिसावीत तसं. पहिल्याला स्वतःचा जीव नाही. दुसऱ्याला आहे, पण तो क्षुद्र. हे दोन्ही टाळावेत. तिसरा मात्र टाकू नये, कारण चेहरा कुणासारखा का असेना, तो माणूस स्वतंत्रपणे जिवंत असतो. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त यात चौथा प्रकार घातला, परपुरप्रवेशाचा: मूळ वस्तू तीच, पण मांडणी इतकी दूर गेलेली की घर दुसऱ्याचं राहत नाही. (राजशेखराच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटलेलं आहे, तेव्हा थोडा घरचा अभिमान चालून जावा.) कवी चोर असतोच हे राजशेखर गृहीत धरतो. त्याला रस आहे तो चोरीच्या प्रतीत.

यंत्राच्या गेमना ही फूटपट्टी लावून बघा. 'क्वेक'ची ती आवृत्ती सरळसरळ प्रतिबिंब आहे. मूळ गेम समोरून काढून घेतला तर आरशात काही उरत नाही. चॅटबॉटकडून पाच मिनिटांत करून घेतलेले आणि दुकानांत ढिगाने येणारे गेम बहुतेक चित्राच्या प्रकारातले असतात. पक्ष्याऐवजी रॉकेट, नळाऐवजी ढग, उडी तीच. प्रश्न तिसऱ्या प्रकाराचा आहे. गेममध्ये 'स्वतःचा जीव' कशाला म्हणायचं?

माझं उत्तर साधं आहे. दहाव्यांदा खेळताना मला असं काय येतं, जे पहिल्यांदा येत नव्हतं? गेम म्हणजे शिकता येणारी वस्तू. नियम समजला की हातात काहीतरी नवं करायची ताकद येते. ती ताकद दुसऱ्या कुठल्या गेमने आधी दिलेली नसेल, तर गेम स्वतंत्र.

'क्वेक'च्या त्या आवृत्तीत जमिनीकडे पाहून शत्रू घालवायची युक्ती मलाही सापडली, आणि पाच मिनिटं मजा आली. पण ती युक्ती भरवशाची नाही. मान वर केल्यावर काय दिसेल ते मला ठरवता येत नाही, म्हणून त्यात तरबेजही होता येत नाही. आता याच्या शेजारी 'अँटीचेंबर' ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर ब्रूसचा हा गेम २०१३चा. तिथेही तुम्ही वळून पाहता आणि मागचा बोळ बदललेला असतो. पण तो का बदलला याचं उत्तर आहे, आणि ते मिळालं की पुढचं दार उघडतं. एका ठिकाणी विसरणं हा दोष आहे, दुसऱ्या ठिकाणी तोच नियम आहे. पडद्याचे फोटो काढून शेजारी ठेवले तर हा फरक दिसणार नाही. खेळल्यावर दहा मिनिटांत कळतो.

म्हणजे यंत्राला हे जमणारच नाही असं मी म्हणतोय का? नाही. जमल्याचं जुनं उदाहरण लंडनमध्येच आहे. इम्पीरियल कॉलेजात मायकेल कुक यांनी पीएचडी करताना 'अँजेलिना' नावाची प्रणाली लिहिली. ती गेम रचते. तिच्या एका भागाचं काम होतं खेळाच्या नव्या करामती शोधणं, आणि पद्धत अगदी गावठी होती. गेमच्या प्रोग्राममधला एखादा आकडा घ्यायचा, त्याचं चिन्ह उलटं करायचं, दुप्पट करायचा, निम्मा करायचा. मग पार करता येणार नाही अशी एक पातळी घ्यायची आणि हा बदल खेळाडूच्या हातात दिला तर ती पार होते का, हे यंत्रानेच खेळून बघायचं. झाली, तर करामत उपयोगाची. गुरुत्वाकर्षण उलटं करणं, चेंडूसारखं उसळणं अशा गोष्टी त्यातून निघाल्या, आणि २०१२च्या डिसेंबरात त्यांवर बेतलेला 'अ पझलिंग प्रेझेंट' हा छोटा गेम लोकांना खेळायला मिळाला.

उलटं गुरुत्वाकर्षण काही जगात पहिलं नव्हतं. पण अँजेलिनाने आधीचे गेम पाहिलेले नव्हते. तिच्याकडे चित्रांचा साठा नव्हता, फक्त प्रश्न होता: मला आता काय करता येतं जे मघाशी येत नव्हतं? म्हणून ते चेहऱ्याने कुणासारखे तरी, पण स्वतः उभे असलेले गेम होते. दिसायला अगदी बेताचे. मॉडेल शेकडो पटींनी मोठी झाली, त्यांची चित्रं डोळे दिपवू लागली, आणि त्या वाटेत हा प्रश्न विचारणंच बंद पडलं, असं मला वाटतं. लंडनच्याच डीपमाइंडने ऑगस्ट २०२५मध्ये दाखवलेलं 'जीनी ३' एका वाक्यावरून फिरता येईल असं जग उभं करतं आणि ते काही मिनिटं टिकतं. 'क्वेक'च्या ०.९ सेकंदापुढे ही मोठीच मजल. पण त्या जगात करायचं काय, यावर अजून तरी उत्तर 'फिरायचं' हेच आहे.

अँजेलिनाच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट परीक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २०१३च्या डिसेंबरात कुक यांनी तिला 'लुडम डेअर' स्पर्धेत उतरवलं. थोड्या तासांत गेम करायचा आणि स्पर्धकांनीच एकमेकांना गुण द्यायचे, अशी ती स्पर्धा. अँजेलिनाचे दोन गेम गेले. 'टू दॅट सेक्ट' हा यंत्राने केला आहे हे उघड सांगून, आणि 'स्ट्रेच बुके पॉइंट' हा न सांगता. दोन्ही एकाच विहिरीतले. पण सांगून दिलेल्याचं स्वागत जास्त प्रेमाने झालं, आणि दुसऱ्यापुढे लोक गोंधळले, चिडलेही. त्या काळी यंत्राचा गेम म्हणजे बोबडं बोलणारं मूल होतं, कौतुक व्हायचंच. आज तोच खुलासा उलट्या बाजूने काम करतो. स्टीमवर जानेवारी २०२४पासून गेममध्ये एआय कुठे वापरलं ते सांगावं लागतं, आणि ती ओळ वाचून पुढे न जाणारे लोक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. खुलासा हवाच, पण त्याने चव बदलते हेही खरं. जमलं तर आधी खेळा, ओळ नंतर वाचा.

याचं ताजं उदाहरण इथल्या समीक्षेतलंच. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये 'युरोगेमर'ने 'आर्क रेडर्स' या गाजत असलेल्या गेमला पाचपैकी दोन तारे दिले, आणि त्यात यंत्राने घडवलेल्या आवाजांचा वाटा मोठा होता. हे आवाज खऱ्या नटांना पैसे देऊन, त्यांच्या आवाजावरून केलेले. माणसं यंत्रांपासून जीव वाचवत पळताहेत अशा कथेत दुकानदार यंत्राच्या आवाजात बोलतो, हा विरोधाभास परीक्षकाला खुपला. वाचकांनी गदारोळ केला. मला ते परीक्षण न्याय्य वाटतं, तारे मात्र कमी वाटतात. संवाद निर्जीव आहेत ही तक्रार गेमच्या आतली आहे. नटांचं काम जातं ही तक्रारही खरी आहे, पण तिचा हिशेब वेगळ्या वहीत. दोन्ही एकाच आकड्यात घातल्या की वाचणाऱ्याला कळत नाही की आपल्याला वाईट गेमबद्दल सांगितलं जातंय की वाईट वागण्याबद्दल.

संख्येबद्दलही दोन शब्द, कारण एआयची जाहिरात हल्ली संख्येनेच होते. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी १९८४ साली बीबीसी मायक्रोच्या ३२ किलोबाइटमध्ये 'एलिट' बसवला. प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा, सगळ्या काही मोजक्या आकड्यांवरून गणिताने उगवलेल्या. त्यांना खरं तर अब्जावधी आकाशगंगा देता आल्या असत्या. प्रकाशकाने थांबवलं, कारण इतक्या दिल्या तर सगळ्या सारख्याच आहेत हे उघडं पडेल. फार शहाणा प्रकाशक. 'एलिट' खेळलेल्यांना ग्रहांची नावं आठवत नाहीत. गरगर फिरणाऱ्या अंतराळस्थानकाच्या फटीत यान घुसवायला शिकणं आठवतं. २०१६ साली गिल्डफर्डच्या 'हॅलो गेम्स'ने 'नो मॅन्स स्काय'मध्ये तो आवर सोडला आणि दोनाचा चौसष्टावा घात इतके ग्रह दिले. आपल्या जुन्या गणतीत सुमारे १८४ परार्ध. शिकण्यासारखं जे होतं ते पहिल्या काही ग्रहांवर संपत होतं, म्हणून लोक रागावले. नंतर वर्षानुवर्षं फुकट भर घालून कंपनीने गेम सावरला, आणि ती भर ग्रहांची नव्हती. करण्यासारख्या गोष्टींची होती.

नियम कुणाचे, हा प्रश्न इथल्या न्यायालयातही गेलेला आहे. ब्रिटनच्या १९८८च्या कॉपीराइट कायद्यात एक जगावेगळं कलम आहे, ९(३): मानवी लेखक नसलेली, संगणकाने निर्माण केलेली कृती असेल, तर तिच्यासाठी लागणारी व्यवस्था ज्याने केली तो लेखक. हे कलम ज्या थोड्या खटल्यांत लावून पाहिलं गेलं त्यांतला 'नोव्हा विरुद्ध माझूमा' हा व्हिडिओ गेमचाच. नाणं टाकून खेळायच्या पूलच्या यंत्रांवरून झालेला हा खटला २००६ साली उच्च न्यायालयात आणि २००७ साली अपिलात गेला. खेळताना पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांचा लेखक कोण? न्यायालय म्हणालं, खेळणारा नव्हे. ज्याने चित्रांचे घटक, नियम आणि तर्क रचला तो. पण त्याच निकालात असंही ठरलं, की प्रतिस्पर्ध्याने गेमच्या सर्वसाधारण कल्पना उचलल्या तर ती नक्कल होत नाही. म्हणजे लेखकपण नियमांवरून ठरलं, आणि संरक्षण मात्र त्यांना नाही. हे योग्यच आहे, नाहीतर एका माणसाच्या उडीवर सगळ्यांना भाडं द्यावं लागलं असतं. पण त्यामुळे नियमातला नवेपणा ओळखण्याचं काम वकिलांचं राहत नाही, ते तुमच्याआमच्यावर येतं. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली तेव्हा हे कलमच काढून टाकावं का, असाही प्रश्न त्यात होता.

ओळखण्याचं काम आपल्यावर येतं म्हणजे काय, हे बघायला मी एका चॅटबॉटला विटीदांडूचा गेम करायला सांगितला. अर्ध्या मिनिटात झाला. संध्याकाळचं केशरी आकाश, लांबवर देऊळ, दांडूने विटी उडवायची, मारायची, जितकी लांब तितके गुण. तीन वेळा हुकलं की बाद. इथे वाढणाऱ्या, विटी कधी हातात न धरलेल्या मुलाला तो दाखवला तर ते म्हणेल, छान आहे, बेसबॉलसारखा आहे. आणि ते बरोबरच असेल. चित्र आहे ते, आनंदवर्धनाच्या अर्थाने. पाचव्या वेळी कंटाळा येतो.

आता जुन्या पद्धतीचा एक नियम बघा. विटी पडली तिथपासून खळग्यापर्यंत दांडूने अंतर मोजायचं, पण एक-दोन-तीन असं नाही. वकट, लेंड, मुंड, नाल, आरू, डोळा, झकू. गावागणिक हे शब्द आणि क्रम बदलतात. झकू झालं की पुन्हा वकटपासून. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्याप्रमाणे पुढचा टोला: विटी कधी पावलावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर, कधी चक्क डोळ्यावर. गणिताच्या भाषेत, अंतराला सातने भागून उरलेली बाकी तुमचा पुढचा डाव ठरवते. लांब मारणं पुरत नाही. ज्याला डोळ्यावरून मारता येत नाही तो डोळ्यावर मोजणी थांबू नये म्हणून जपतो, निदान तशी आशा धरतो. शिकायला एक उन्हाळा पुरायचा नाही, असा हा नियम आहे. तो कुणी काढला ते नोंदलेलं नाही, आणि चॅटबॉटने मला दिला नाही, कारण इंटरनेटवर मराठीत जे आहे त्यात विटीदांडू म्हणजे बालपणाच्या आठवणींचा उमाळा जास्त आणि मोजणी फार कमी.

नियम समजावून सांगितल्यावर त्याने तो चोख घातला. एकदा मोजणी चुकीच्या टोकापासून सुरू केली, तेवढीच दुरुस्ती. आता गेम बरा झालाय. नाल आल्यावर माझी अजूनही तारांबळ उडते. शेवटी श्रेयनामावली येते, तिच्यात 'रचना' या शब्दापुढे चॅटबॉटने आपण होऊन माझं नाव घातलं होतं. ते मी काढलं. चॅटबॉटचं घालायचं तर तेही पटत नाही. सध्या तिथे नुसती रेघ आहे.